ओरिजिनल कुठंय?

आमच्या घरात 'रेघ' चालू असली की कुणी हलायचं नाही, असा कायदा होता. माझे वडील, अप्पा, मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यातल्या एका यंत्रांच्या कारखान्यात ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं, कारण तो धंदाच बुडाला. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने यंत्राच्या भागाचं ड्रॉइंग काढायचा, ते ओरिजिनल. त्याच्यावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि खालची रेघन् रेघ शाईने वर उतरवायची, हे ट्रेसरचं काम. त्या ट्रेसिंगवरून निळ्या प्रती निघायच्या आणि त्या खाली कारखान्यात जायच्या. खालची रेघ चुकलेली वाटली तरी ट्रेसरने सुधारायची नाही. आहे तशी उतरवायची, फार तर कडेला पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह करायचं. रविवारी अप्पा बाहेरची कामं घरी आणायचे. पलंगावर फळी टाकायची, हाताला पावडर लावायची आणि सुरू. लांब रेघ ओढताना ते श्वास रोखायचे, आणि त्यांच्याबरोबर सगळं घर रोखायचं. आई पाट्यावर वाटण वाटत असली तर वरवंटा अर्ध्या वाटेत थांबायचा. जमीन हलते म्हणून मी मोरीतून बाहेर यायची नाही, तशीच ओल्या पायांनी उंबऱ्यावर उभी. अप्पांनी श्वास सोडला की वरवंटा पुन्हा घरंगळायचा. वरच्या मजल्यावरच्या काकूंनासुद्धा आईने बजावलं होतं, "रविवारी मिरच्ये कुटू नका हां, आमची रेघ आसता."

हे सगळं आज आठवायचं कारण माझी नात. ती यंदा इंजिनिअरिंगला गेली. पहिल्याच आठवड्यात तिला स्वतःची ओळख लिहून द्यायची होती: घरची पार्श्वभूमी, आवडीनिवडी, आतापर्यंतचा अभ्यास. "आजी, तू काय लिहिलं असतंस गं?" म्हणून माझ्या उशाशी येऊन बसली. मी म्हटलं, "आम्हाला कोण विचारत होतं बाई!" पण रात्रभर डोक्यात तेच. लिहायचंच असतं तर काय लिहिलं असतं? पार्श्वभूमी: सावंतवाडीकडची माणसं, आजोबा गिरणीत, वडील ट्रेसर, दीड खोली मुलुंड पूर्वेला. आवडनिवड: स्टो.

हसू नका. मला स्टो उघडायचा नाद होता. बिल्डिंगमध्ये कुणाचा स्टो भकभकायला लागला, इस्त्री तापेनाशी झाली, शिवणयंत्राचा पट्टा घसरला, की हाक यायची, "शैलू, जरा बघ गं येऊन." मी जायची, सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडायची, घासायची, परत बसवायची. एखादा स्क्रू उरायचा तो गुपचूप खिशात. बक्षीस म्हणून कुणी चिवडा द्यायचं, कुणी शिकरण. आई कपाळाला हात लावायची, "पोरीच्या नखात काळां, कोण करतलो हिका?" अप्पांना मात्र कौतुक. त्यांच्या कारखान्यात इंजिनिअर साहेब यायचे तेव्हा हे उठून उभे राहायचे. माझी मुलगी मेकॅनिकलला जाणार, हे त्यांनी माझ्याआधी ठरवून टाकलं होतं. आणि मी गेलेही. वर्गात आम्ही दोनच मुली. मी आणि घाटकोपरची रेश्मा.

कॉलेज अंधेरीला. पवईच्या तलावाकाठून जाणारी बस, हातात टी-स्क्वेअर, पाठीवर गुंडाळलेल्या शीटांची नळकांडी. कंडक्टर म्हणायचा, "ताई, बंदूक आत घ्या." गणित मला जमायचं, वर्कशॉपमध्ये तर मी राणी होते, कानस मारायला मुलगे माझ्याकडून शिकायचे. पण ड्रॉइंग! ड्रॉइंगने माझी वाट लावली. एक तर माझ्या तळहातांना घाम यायचा. शीटवर हात टेकला की खाली ढग उमटायचे. आणि त्याहून वाईट म्हणजे, मला काही दिसायचंच नाही. एखादी वस्तू समोरून कशी, वरून कशी, बाजूने कशी, अशा तीन चित्रांत कागदावर मांडायची. रेश्मा डोळे मिटायची, डोक्यात वस्तू गरागरा फिरवायची आणि पेन्सिल टेकवायची. मी डोळे मिटले की मला अंधार दिसायचा. हातात दिलीत तर कुठलीही वस्तू उघडून जोडून देते, पण कागदावरच्या रेघांची वस्तू होईना. ट्रेसरची पोरगी आणि ड्रॉइंग येत नाही, हे सांगायचं कुणाला? घरी तर मुळीच नाही. अप्पा रोज विचारायचे, "ड्रॉइंग कसं चाललंय?" मी म्हणायची, "झकास."

एकूण आठ शीट द्यायच्या होत्या. दोन मी रडतखडत स्वतः काढल्या. उरलेल्या सहांसाठी जगभरचे विद्यार्थी करतात तेच केलं. त्याला आमच्यात 'जीटी मारणं', म्हणजे ग्लास ट्रेसिंग, म्हणत. खाली दिवा, वर काच, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट. प्रकाशात खालच्या रेघा वर दिसतात, त्यावरून पेन्सिल फिरवायची. रेश्माकडे काचेचा मोठा टीपॉय होता, म्हणजे देवच पावला. रविवारी दुपारी आम्ही त्यांच्या हॉलचे पडदे ओढायचो, टीपॉयखाली टेबललॅम्प ठेवायचो आणि मी तिच्या शीटवरून माझी उतरवायची. तिची आई थेपले आणि छुंदा आणून द्यायची आणि म्हणायची, "केटली मेहनत करे छे छोकरी!" मेहनत कसली, कपाळ! पण एक गोष्ट मला तेव्हाच कळायला हवी होती. टिपताना माझ्या हाताला घाम येत नव्हता. रेघ सरळ, एकसारखी, जिथे संपायची तिथे बरोबर संपायची. श्वाससुद्धा मी आपोआप रोखत होते. रेश्मा बघतच राहिली. "यार, माझ्या ओरिजिनलपेक्षा तुझी कॉपी भारी आहे."

सबमिशनच्या आदल्या आठवड्यात मी सहा शीट गुंडाळून घरी आणल्या. अप्पा वाटच बघत होते. त्यांनी हात धुतले, पुसले, पावडर लावली आणि पहिली शीट जमिनीवर पसरली. आईने त्या दिवशी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं होतं, तिला लांब बसायला सांगितलं, कागदाला वास लागेल म्हणून. अप्पा शीट उजेडाकडे तिरकी धरून बघायला लागले. एकेक रेघ टोकापर्यंत तपासली. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी तो आजही विसरले नाही.

"ट्रेसिंग आहे हे."

त्यांनी रेघेवरून नख फिरवलं.

"डिव्हायडरचं एक टोचण नाही, खोडाखोड नाही, कच्ची रेघ नाही. काच घेतलीस खाली? जाड कागदावर? अगो, मलासुद्धा जाड कागदावर असं येणार नाही!" मग आईकडे वळून, "बघलंस? माझो हात उतरलो हा पोरीत!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला. अप्पांना यात काही गैर वाटलंच नव्हतं! त्यांच्या जगात आधी ओरिजिनल होतं, मग ट्रेसिंग होतं, आणि ट्रेसिंगच पुढे जातं. ओरिजिनल कपाटात राहतं. त्यांना वाटलं, कॉलेजात मुलांकडून दोन्ही कामं करून घेतात. त्यांची मुलगी आधी ड्राफ्ट्समन होते आणि मग स्वतःच्याच ड्रॉइंगची ट्रेसर होते. असं भाग्य त्यांच्या ऑफिसात कुणाचंच नव्हतं.

"आणि ओरिजिनल कुठंय?"

"सरांकडे," मी म्हटलं. खोटं असं पटकन निघतं ना, जिभेला आधीच माहीत असल्यासारखं.

"मग रविवारी आण. एक तरी आण. मी ट्रेस करतो." आणि मग जरा खाली बघून म्हणाले, "बावीस वर्षं दुसऱ्यांची केली. एक तुझं करूया."

पुढचं ऐका. प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कोणी काढलं, कोणी ट्रेस केलं, कोणी तपासलं, अशी तीन घरं, त्यात आद्याक्षरं. माझ्या शीटवर ती घरं कोरीच होती. आम्ही नाव नि रोल नंबर घालून मोकळे. अप्पांना ते बघवेना. त्यांनी पेन घेतलं आणि सहाही शीटवर, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरांत, 'कोणी काढलं' या घरात माझी आद्याक्षरं घातली आणि 'कोणी ट्रेस केलं' या घरातही माझीच. प्रत्येक वेळी फुंकर मारत होते. दुसऱ्या दिवशी एक शीट ते ऑफिसात घेऊन गेले. हेड ड्राफ्ट्समनना दाखवली. संध्याकाळी येऊन आईला सांगत होते, साहेब म्हणाले, तुमची मुलगी माझ्या जागेवर बसणार. येताना त्यांनी चांगल्यापैकी ट्रेसिंग पेपर विकत आणला होता, दोन ताव. एक फुकट गेला तर दुसरा.

तो आठवडा मी कसा काढला, मलाच माहीत. सबमिशन सोमवारी होतं, पण मला सोमवारची भीती नव्हतीच. सर शीट मोजायचे आणि सही करायचे, कोण बघतो! मला रविवारची भीती होती. या माणसाने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर रविवारी जाणार, एवढंच दिसत होतं. वाटलं, सोपं आहे, एक ओरिजिनल खरंच काढू. कॉलेजच्या ड्रॉइंग हॉलमध्ये तीन दुपारी बसले. जी वस्तू मी स्वतः टिपली होती, एक लोखंडी कंस, म्हणजे ब्रॅकेट, होता तो, तीच मला काढता येईना. कुठून सुरुवात करायची तेच कळेना. सहा शीट हाताखालून गेल्या होत्या आणि एकही डोक्यातून गेली नव्हती. रेश्मा म्हणाली, "घेऊन जा ना माझी, सांग तुझी आहे." मी घेतलीसुद्धा. गुरुवारी बसमध्ये ती नळकांडी मांडीवर घेऊन बसले होते आणि पवईला मला इतकं रडू फुटलं की शेजारच्या बाईने उतरताना लिमलेटची गोळी हातात ठेवली. शुक्रवारी रेश्माला तिची शीट परत केली.

रविवारी सकाळी अप्पांनी पलंगावर फळी टाकली, कागद ताणला, चार कोपरे बसवले. हात पसरून म्हणाले, "आण." मी म्हटलं, "अप्पा, ओरिजिनल माझं नाही. रेश्माचं आहे. सहाही तिचीच आहेत. मला ड्रॉइंग येत नाही." एका दमात म्हटलं, नाहीतर म्हणताच आलं नसतं. आई नारळ खवत होती, ती थांबली.

अप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, माझ्या सहा शीट काढल्या, दाढीचं ब्लेड घेतलं. 'कोणी काढलं' या घरातली माझी आद्याक्षरं त्यांनी एकेक करून खरवडली. शाई खरवडायची त्यांच्यात एक रीत असते, कागद फाटत नाही, नंतर नखाने घासून गुळगुळीत करतात. सहा वेळा ते खरवडणं मी ऐकलं. दुसऱ्या घरातली अक्षरं त्यांनी ठेवली. "हे तुझं आहे. हे राहू दे." मग चपला घालून निघून गेले.

ते दोन वाजता आले. जेवले. मला वाटलं, आता बोलायचं नाही असं ठरवून आलेत. पण ताट सरकवल्यावर त्यांनी विचारलं, "ती पोरगी काढताना काय बघून काढते?"

"तिला वस्तू दिसते अप्पा. डोळ्यांसमोर."

"आणि तुला?"

"मला नाही दिसत. नुसत्या रेघा दिसतात."

त्यांनी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं आणि न पिता तसंच ठेवलं. ऑफिसची माणसं घरी आली की अप्पा शुद्ध बोलायचे, आमच्याशीही बहुतेक तसंच. आतून काही आलं की मात्र गावचं तोंड फुटायचं. "माका पण दिसना नाय गो," ते म्हणाले. "कधीच दिसाक नाय. तुटक रेघ म्हणजे आतली कड, ह्या माका ठावक आसा. पण ती खंयची कड, कसली, कोणाक विचारतलंय? ट्रेसरान विचारूचा नसता." आई पदराने डोळे पुसायला लागली. मला जितकी लाज वाटली तितकी खोटं बोलतानाही वाटली नव्हती. मला विचारायला सर होते, रेश्मा होती, अख्खं कॉलेज होतं. मी विचारलं नव्हतं.

सोमवारी मी फक्त माझ्या दोन घाणेरड्या शीट दिल्या. सर म्हणाले, "बाकीच्या?" म्हटलं, "काढता आल्या नाहीत सर." त्यांना माझा राग नाही आला, आश्चर्य वाटलं. "अगं सगळे टिपून आणतात, तुला काय धाड भरली?" ड्रॉइंगची टर्म गेली, केटी लागली, म्हणजे तो विषय पुन्हा द्यायचा. बिल्डिंगमध्ये कळलं तेव्हा वरच्या काकू आईला म्हणाल्या, मुलीच्या जातीला झेपत नाही हो. आई म्हणाली, "तुमचो स्टो कोण दुरुस्त करता?" मला आईचा इतका अभिमान त्याआधी वाटला नव्हता.

मे महिन्याच्या सुट्टीत मी पुन्हा पहिल्या शीटपासून बसले. रेश्मा घाटकोपरहून आठवड्यातून दोनदा यायची आणि मला शिव्या घालत शिकवायची. तरी दिसेना. एका रविवारी तिसऱ्या प्रहरी मी वैतागले आणि आईची धुण्याच्या साबणाची नवी वडी उचलली. म्हटलं, हाताला कळतं ना तुझ्या, मग हातालाच सांग. सुरीने त्या कंसाचा आकार कापत गेले. इथे पायरी, इथे खाच, इथे आरपार भोक, ते चमच्याच्या दांड्याने टोकरून. आई ओरडत होती, "साबण खातलंस काय आता?" आणि मग मी ती वडी डोळ्यांसमोर धरली, एक डोळा मिटला, आणि समोरचं चित्र मला दिसलं. वडी पुढे कलवली, वरचं दिसलं. मी किंचाळले असणार, कारण फळीवर काम करणारे अप्पा दचकून उठले आणि त्यांची रेघ वाया गेली. पेन खाली ठेवून त्यांनी हात पुढे केला.

मी वडी त्यांच्या हातावर ठेवली आणि शेजारी ड्रॉइंग पसरलं. सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "थांब. सांगू नको." एक डोळा मिटून त्यांनी वडी धरली. कागदाकडे बघितलं, वडीकडे बघितलं. वडी आडवी केली. तुटक रेघेवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट साबणाच्या भोकात घातलं. "हीच ती?" "हीच." मग वडी घेऊन खिडकीशी जाऊन बसले. चहा गार झाला. आज माझ्या नातीच्या संगणकावर बोट लावलं की वस्तू गर्रकन फिरते; तिला मी हे सांगितलं तर म्हणाली, "सो स्वीट आजी." असो. तिची चूक नाही.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. अप्पा कामावरून नेहमीपेक्षा उशिरा आले. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या पोटावर काळ्या तेलाचा हा एवढा डाग होता. आई घाबरली, "काय झालां? पडलात खंय?" अप्पा चप्पल काढायचंही विसरले होते. त्यांचं ऑफिस कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. बावीस वर्षांत ते जिना चढायचे आणि उतरायचे. खाली शॉपमध्ये, जिथे यंत्रं बनायची तिथे, पाऊल टाकायचं त्यांना कधी कारण पडलं नव्हतं, आणि कारणाशिवाय जायचा धीर नव्हता. त्या दिवशी ते सुटल्यावर फोरमनकडे गेले आणि म्हणाले, माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे, मला एक कास्टिंग बघायचंय. एका मोठ्या पंपाचं बाहेरचं ओतीव कवच. त्याचं ट्रेसिंग, मापांच्या आकड्यांसकट, अप्पांनी अकरा वेळा केलं होतं. दर बदलाला नवीन.

"बघलंय," ते म्हणाले. "हात लावन इलंय."

"कसो आसा?" आईने विचारलं.

अप्पांनी कागदावर धरतात तशी वीत हवेत धरली. "माका वाटायचा, एवढो आसतलो," ते म्हणाले, आणि मग तो हात वर गेला, डोक्याच्याही वर, आणि तिथेच राहिला. "माझ्यापरास उंच आसा गो तो."